शेतात केल्टिक वस्तू सापडली तर: पहिल्या बीपपासून कोरोनरच्या निकालापर्यंत

ब्रिटनमध्ये सुटीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणाऱ्यांत आपली मराठी माणसंही आहेत. मशीन चालवणं, बीप ओळखणं सगळ्यांना लवकर जमतं. घोळ होतो तो वस्तू हाताला लागल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात. खड्डा मोठा केला जातो, वस्तू नळाखाली धरली जाते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि शेतमालकाला ही बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळते. केल्टिक वस्तूच्या बाबतीत यातली एकेक चूक महागात पडते. केल्टिक म्हणजे इथले, रोमन येण्याआधीच्या लोहयुगातले लोक, आणि त्यांनी स्वतःबद्दल फारसं काही लिहून ठेवलेलं नाही. वस्तू कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी पडली होती, हाच काय तो पुरावा, आणि तो वस्तूत नसून खड्ड्यात असतो.

खाली दिलेले नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंड, आयर्लंड आणि भारताबद्दल शेवटी लिहिलं आहे. तिथे कायदा वेगळा आहे, त्यामुळे हीच पद्धत तिथे चालवू नका.

## १. परवानगी: जमीन कुणाची, कसतो कोण

इंग्लंडमध्ये शेत कसणारा माणूस बऱ्याचदा कूळ असतो, मालक दुसराच कुणीतरी. ट्रॅक्टरवरच्या माणसाने "हो, फिरा खुशाल" म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका. सापडलेल्या वस्तूवर हक्क मालकाचा असतो, त्यामुळे होकार दोघांचा लागतो. मालक कोण हे कळत नसेल तर लँड रजिस्ट्रीकडून थोड्या पैशांत उतारा मिळतो.

परवानगी लेखी घ्या. एक पान पुरतं: कोणती शेतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, सापडलेल्या वस्तूची किंवा बक्षिसाची वाटणी कशी, आणि कायद्याने खजिना ठरू शकेल अशी वस्तू (व्याख्या भाग ८ मध्ये) निघाली तर कुणाला आधी कळवायचं. मित्राबरोबर जात असाल तर तुमच्या दोघांतली वाटणीही त्याच दिवशी कागदावर आणा. सोनं दिसल्यावर बोलणी करायला बसलं की मैत्री टिकत नाही. डिटेक्टरवाल्यांच्या रॅलीला किंवा पैसे भरून होणाऱ्या क्लबच्या खोदकामाला जाताना त्यांच्या अटी सही करण्याआधी वाचा. एका ठरावीक किमतीच्या वरच्या वस्तूत आयोजकाचा वाटा असल्याचं कलम काही ठिकाणी असतं.

मग नकाशा. संरक्षित प्राचीन स्थळावर परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं हा कायद्याने गुन्हा आहे, मालकाने हो म्हटलं असलं तरी. हिस्टॉरिक इंग्लंडची यादी किंवा सरकारचा 'मॅजिक' नकाशा उघडून प्रत्येक शेत तपासा; वेल्समध्ये हे काम काडू या वारसा संस्थेच्या नकाशावर होतं. टेकडीवरचे केल्टिक कोट बहुतेक संरक्षित असतात, आणि त्यांची हद्द नुसत्या डोळ्यांना दिसते तिथे संपत नाही. नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर छंद म्हणून फिरायला परवानगी मिळत नाही. शेतकऱ्याने पर्यावरण योजनेत अनुदान घेतलं असेल तर त्याच्या अटींमुळेही काही तुकडे बंद असू शकतात. हे त्यालाच विचारा.

तपासा: मालकाची सही, कुळाचा होकार, संरक्षित हद्दीचा नकाशा आणि विमा. विमा एनसीएमडीसारख्या डिटेक्टरवाल्यांच्या संघटनेच्या सदस्यत्वाबरोबर येतो. या चारपैकी एक जरी नसेल तरी मशीन गाडीतच राहू द्या. परवानगीशिवाय शिरून काढलेल्या खजिन्याचं बक्षीस कापलं जातं किंवा नाकारलं जातं, आणि चोरीचा गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

## २. पिशवीत काय हवं

डिटेक्टर, पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं मशीन), फावडं आणि खुरपं सगळेच नेतात. नेमकं राहून जातं ते पुढचं: सेंटिमीटरची पट्टी, झिपच्या प्लास्टिक पिशव्या, न पुसणारं मार्कर पेन, झाकणाचे कडक प्लास्टिक डबे, आम्लरहित टिश्यू पेपर, जाड प्लास्टिकचा एक मोठा तुकडा आणि चार्ज केलेली पॉवर बँक. कापूस नेऊ नका, त्याचे तंतू गंजलेल्या पृष्ठभागात अडकतात.

तुमच्या भागाच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरचा फोन आणि ईमेल आधीच सेव्ह करून ठेवा. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा हा माणूस जिल्हानिहाय नेमलेला असतो आणि छंदी लोक त्याला 'एफएलओ' म्हणूनच ओळखतात. त्याला पहिल्यांदा भेटायला सोन्याची वाट बघू नका. चार साधी बक्कलं, दोन रोमन नाणी घेऊन एकदा जाऊन या. ओळख असली की शनिवारी संध्याकाळी पाठवलेल्या मेसेजकडेही लक्ष जातं.

## ३. सिग्नल आणि पहिला खड्डा

केल्टिक वस्तूंच्या मागे असलेले लोक दोन ठिकाणी हमखास चुकतात. पहिली चूक लोखंड गाळण्याची. डिस्क्रिमिनेशन लावून लोखंडाचे आवाज बंद केले की खिळ्यांचा त्रास संपतो, पण रथाच्या चाकाच्या लोखंडी धावा आणि आसाच्या खिळीही त्याबरोबर गायब होतात. फिरताना लावा हवं तर. पण काही जुनं सापडलं की लगेच ते काढून टाका आणि खड्ड्याभोवतीचे चार-पाच मीटर पुन्हा ऐका. काही खोदायचं नाही, फक्त ऐकायचं.

दुसरी चूक 'कचऱ्याच्या' आकड्यांची. छोटं सोन्याचं नाणं मशीनच्या पडद्यावर बऱ्याचदा अॅल्युमिनियमच्या फॉइलच्या किंवा डब्याच्या कडीच्या आकड्यांतच दिसतं. लोहयुगाच्या शक्यतेच्या शेतात फिरत असाल तर ते आकडेही खोदावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

खोदताना गवताची किंवा मातीची ढेप एकसंध उलटा आणि पिनपॉइंटर आधी ढेपेत फिरवा, मग खड्ड्यात. फावडं सिग्नलच्या मध्यावर कधीच मारू नका, बाहेरून आत या. नांगराची माती साधारण २० ते ३० सेंटिमीटर खोल असते. तेवढ्या थरातल्या वस्तू नांगराने आधीच हलवलेल्या असतात आणि तेवढंच आपलं क्षेत्र. त्याखाली माती घट्ट लागली, रंग बदलला, की आपलं काम संपलं.

## ४. हे केल्टिक असेल का?

शेतात उभं राहून वस्तू पक्की ओळखता येत नाही, आणि ओळखण्याची गरजही नसते. शंका यावी एवढं पुरे. शंका कशाने यावी ते सांगतो.

सोन्याचं छोटं, किंचित वाटीसारखं वळलेलं नाणं, पाच-सहा ग्रॅमच्या आसपास, त्यावर तुकड्यातुकड्यांनी बनल्यासारखा घोडा: ही मॅसेडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या नाण्याची पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलेली नक्कल. जाडसर गोल पितळी-हिरवी कडी, एका बाजूला सपाट आणि वर गोळे किंवा लाल मिन्याचे ठिपके: रथाच्या लगामाची कडी असू शकते. पाठ कमानीसारखी वाकलेली पिन म्हणजे ब्रोच. आणि टॉर्क, म्हणजे गळ्यात घालायचं कडं. आपल्याकडच्या जुन्या घट्ट सरीसारखं, पण तारा पीळ देऊन केलेलं आणि टोकाला गोळे किंवा कड्या असलेलं. २०१६ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या लीकफ्रिथला दोन मित्रांना शेतात सोन्याचे असे चार टॉर्क सापडले. वय साधारण इसवी सनापूर्वी ४०० ते २५०, मूल्यांकन ३,२५,००० पाउंड.

सोनं मातीतूनही झळकत बाहेर येतं. कांस्य हिरवं होतं आणि त्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत झालेला असू शकतो. लोखंड तर नुसता तांबूस ढेकूळ दिसतं. म्हणून 'गंजका गोळा' म्हणून कडेला फेकून देऊ नका. त्या गंजात कधीकधी कापडाचा ठसाही जपलेला असतो.

## ५. हात थांबवा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि लोक चुकतात तेही इथेच.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर खोदणं त्या क्षणी बंद करायचं: त्याच खड्ड्यात दुसरी वस्तू, पहिली काढल्यावरही मोठा सिग्नल शिल्लक, मडक्याची कड, कोळसा किंवा काळी माती, हाड, किंवा वस्तू नांगराच्या थराखाली घट्ट बसलेली. हाड माणसाचं वाटलं तर पोलिसांना कळवायचं. बॉम्बसारखं काही दिसलं तर लांब जाऊन ९९९ लावायचा.

"थोडंच राहिलंय, एवढं काढून बघतो" या वाक्याने किती पुरावा गेला असेल, मोजदाद नाही. उलट थांबल्याने काय मिळतं ते पाहा. २०१२ मध्ये जर्सी बेटावर दोन छंदी मित्रांनी पहिली काही नाणी वर येताच खोदणं थांबवून बेटाच्या वारसा संस्थेला बोलावलं. सगळा गठ्ठा मातीसकट एकाच तुकड्यात उचलला गेला, वजन पाऊण टनाच्या आसपास. पुढे प्रयोगशाळेत नाणं-नाणं सुटं करायला काही वर्षं लागली. सुमारे ७०,००० केल्टिक नाणी निघाली आणि त्यांच्यात अडकलेले सोन्याचे टॉर्कही. फावड्याने उकरलं असतं तर नाणी कदाचित मिळाली असती, पण कोणतं कशाला चिकटलं होतं हे कुणालाच कळलं नसतं.

यॉर्कशरमध्ये मेल्सनबीला २०२१ मध्येही तसंच झालं. डिटेक्टरवाल्याने थोडंसं उघडून पाहिलं, थांबला आणि डरहॅम विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञाला कळवलं. २०२२ मध्ये झालेल्या उत्खननात ८०० हून अधिक वस्तू निघाल्या, त्यात रथ-गाड्यांच्या लोखंडी धावा आणि कढया. एक मोठा गुंतलेला गठ्ठा मातीसकट उचलून सीटी स्कॅनखाली पाहिला गेला. पेंब्रोकशरमध्ये २०१८ साली एका छंदी माणसाने घोड्याच्या साजाचे काही तुकडे कळवले, तेव्हा त्यांच्याखाली वेल्समधलं पहिलं रथ-दफन निघालं.

सावधान: थांबलात की खड्डा उघडा टाकून घरी जाऊ नका. तुमच्याजवळचं प्लास्टिक वस्तूवर अलगद पसरा, वर तीच माती हाताने भरा, ढेप जागेवर बसवा. झेंडी, काठी, दगड, कसलीही खूण ठेवायची नाही. रात्री चोरून खोदणारे 'नाइटहॉक' अशाच खुणा शोधत असतात. जागा फोनमध्ये असते, शेतात दिसायला नको. मालकाला फोन करा आणि जमलं तर ट्रॅक्टर किंवा ट्रेलर जवळपास लावून ठेवायला सांगा, म्हणजे जागा आपोआप राखली जाते.

## ६. नोंद: वस्तू हलवण्याआधी

वस्तू नांगराच्या मातीत सुटी पडली असेल आणि आजूबाजूला दुसरं काही नसेल तरच ती उचलायची, तीही या क्रमाने.

आधी जागा. फोन खड्ड्यावर एक मिनिट स्थिर धरा, मग ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या नकाशा खात्याचा) ग्रिड संदर्भ लिहा: दोन अक्षरं आणि दहा आकडे. दहा आकडी संदर्भ एका मीटरपर्यंत नेमका असतो, आठ आकडी दहा मीटरपर्यंत. फोन स्वतः दोन-चार मीटर चुकू शकतो, तरीही दहा आकडेच लिहा. फक्त गावाचं नाव किंवा पोस्टकोड दिला तर ती नोंद जवळजवळ निरुपयोगी ठरते.

मग खोली: जमिनीच्या पातळीपासून वस्तूच्या वरच्या टोकापर्यंत, पट्टीने मोजून. 'वीतभर' असं लिहायचं नाही.

मग फोटो, किमान तीन. वस्तू आणि पट्टी. खड्डा आणि त्याच्या भिंती. आणि मागे कुंपण किंवा खांब दिसेल असा लांबून. वस्तूची वरची बाजू कुठली होती हेही टिपा.

तपासा: फोनच्या फोटोत लोकेशन चालू आहे का? नोंदीसाठी ते उपयोगी. पण तोच फोटो कुणाला पाठवला की जागाही बरोबर जाते.

## ७. उचलणं आणि बांधणं

साफ करायचं नाही. अंगठ्याने पुसायचं नाही, नळाखाली धरायचं नाही, ब्रश मारायचा नाही. सोनं मऊ असतं, मातीतले खडे त्यावर ओरखडे काढतात. कांस्याचा वरचा थर गेला की खाली काही उरत नाही, आणि लाल मिना पाण्याने सुटून खोबणीतून पडू शकतो. आपल्या घरात देवाची भांडी चिंचेने नाहीतर पितांबरीने लख्ख करायची सवय असते. इथे तो हात आवरा. कुठलंही आम्ल, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल किंवा कोका-कोला वापरू नका. इंटरनेटवर यातलं प्रत्येक सुचवणारे भेटतील.

पोकळ वस्तूच्या आतली माती काढू नका. त्यात चामडं, धागा, लाकडाचा अंश असू शकतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

कोरड्या मातीतली वस्तू कोरडी ठेवायची, ओल्या दलदलीतली ओलीच. टिश्यूच्या गादीवर कडक डब्यात ठेवा, हलणार नाही अशी. हवा खेळायला पिशवीला बारीक भोकं पाडा. पिशवीवर तारीख, ग्रिड संदर्भ आणि खोली लिहा. एका पिशवीत एकच वस्तू. तुकडे जुळत असले तरी चिकटवून बघू नका.

## ८. कुणाला, किती दिवसांत

पहिला फोन मालकाला, दुसरा एफएलओला. फेसबुकचा नंबर यात कुठेच येत नाही, निदान निकाल लागेपर्यंत तरी.

१९९६च्या ट्रेझर अॅक्टनुसार खजिना असण्याची शक्यता आहे अशी वस्तू कोरोनरला (खजिना आहे की नाही हे चौकशी करून ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला) १४ दिवसांत कळवावी लागते. मुदत सापडल्यापासून, किंवा ती खजिना असू शकते हे तुमच्या लक्षात आल्यापासून. व्यवहारात एफएलओला कळवलं की तो कोरोनरपर्यंत पोहोचवतो. ईमेलच करा, म्हणजे तारीख राहते, आणि वस्तू देताना पावती घ्या. योग्य कारणाशिवाय न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही.

लोहयुग इथे प्रागैतिहासिक काळात मोडतं, म्हणून केल्टिक वस्तूंना काही खास नियम लागू होतात. नाण्याव्यतिरिक्त वस्तूत सोनं-चांदी कितीही थोडी असली तरी ती खजिना ठरू शकते. एकाच ठिकाणच्या धातूच्या दोन किंवा अधिक प्रागैतिहासिक वस्तू, अगदी साध्या कांस्याच्या, खजिना ठरतात. सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकाच ठिकाणची असतील तर तीही. जुलै २०२३ पासून आणखी एक गट आला: किमान २०० वर्षं जुनी, धातूचा अंश असलेली आणि इतिहासावर असाधारण प्रकाश टाकणारी वस्तू.

यात फसतात ते 'एकाच ठिकाणच्या' या अटीत. सुटं एक सोन्याचं नाणं सहसा खजिना नसतं. ते नोंदवलं, मालकाशी वाटणी झाली, विषय संपला. पण पुढच्या हंगामात त्याच भागात दुसरं तसलंच नाणं निघालं तर दोन्ही मिळून नांगराने विखुरलेला एक साठा असू शकतो, आणि मग पहिलंही कळवण्याच्या कक्षेत येतं. म्हणून विकायची घाई नको, आणि जुन्या नोंदी फेकायच्या नाहीत.

मालकाला भीती असते की पत्ता जाहीर होईल आणि शेतात चोर येतील. त्याला सांगा: स्कीमच्या सार्वजनिक नोंदीत नेमकी जागा दिसत नाही, फार तर एक किलोमीटरचा चौकोन दिसतो. संवेदनशील नोंदीत तेही झाकतात.

## ९. नंतरची वाट

एफएलओ वस्तू बघतो. इंग्लंडमधली वस्तू असेल तर ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली अहवाल होतो, वेल्समध्ये तिथलं राष्ट्रीय संग्रहालय ते काम करतं. एखाद्या संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर कोरोनरची चौकशी होते आणि खजिना आहे की नाही ते ठरतं. मग ट्रेझर व्हॅल्युएशन कमिटी बाजारभावाने किंमत काढते. कुणालाच नको असेल तर वस्तू परत मिळते. बक्षीस सहसा सापडवणारा आणि मालक यांच्यात निम्मं-निम्मं. वर्ष उलटणं अगदी नेहमीचं. पैसे गृहीत धरून कुठलंही कर्ज काढू नका. किंमत कमी वाटली तर तुमचा स्वतंत्र अंदाज समितीपुढे ठेवता येतो.

## सीमा ओलांडली की कायदा बदलतो

स्कॉटलंडमध्ये सोनं असो वा शिसं, पुरातत्त्वीय वस्तूवर राजसत्तेचा हक्क असतो. त्या एडिनबराच्या ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवाव्या लागतात, बक्षिसात जमीनमालकाचा वाटा नसतो. आयर्लंड प्रजासत्ताकात परवान्याशिवाय जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर वापरणंच बेकायदा आहे. उत्तर आयर्लंडमध्येही पुरातत्त्वीय वस्तूंसाठी खोदायला परवाना लागतो. डब्लिनच्या पाहुण्यांकडे जाताना मशीन घरीच ठेवा.

सुटीत पुण्याला घरच्यांना दाखवायला केल्टिक नाणं बॅगेत टाकू नका. ब्रिटनच्या मातीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर नेताना, किंमत कितीही असो, निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. आधी एफएलओला विचारा.

आणि डिटेक्टर भारतात नेऊन गडाच्या पायथ्याशी फिरवण्याचा बेत असेल तर तो सोडा. तिथे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित किल्ल्याच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे.